यार-ए-वफादार

इंग्रज सरकारने १९१८ साली हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांना एक किताब बहाल केला. इंग्रजीत ‘फेथफुल अलाय’, दरबारी फारसीत ‘यार-ए-वफादार’, आपल्या साध्या मराठीत एकनिष्ठ मित्र. आज आम्ही ज्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मराठी शिकवतो, तो सगळा मुलूख तेव्हा या एकनिष्ठ मित्राच्या राज्यात होता. लातूर हा तर स्वतंत्र जिल्हाही नव्हता. उस्मानाबादेतून तो १९८२ साली वेगळा झाला. मैत्री राजाची होती आणि तिचा खर्च रयतेकडून वसूल होत होता.

हा खर्च लहान नव्हता. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे स्वार (लान्सर्स) सुवेझच्या कालव्यावर आणि पुढे पॅलेस्टाइनच्या मोहिमेत लढले. इंग्रजांच्या हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची विमाने निजामाच्या पैशातून आली आणि तिला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात हाच प्रकार पुन्हा घडला. १५२ क्रमांकाच्या तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि ब्रीदवाक्य म्हणून तेच दोन शब्द आहेत, फेथफुल अलाय. इंग्लंडच्या आकाशाखाली जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या तुकडीच्या चिन्हावर आपल्या राजाचे शिरोभूषण आहे, ही गोष्ट कंधारच्या किंवा औशाच्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सारा मात्र त्यानेच भरला होता.

पहिल्या युद्धात तर पेच अधिक अवघड होता. समोरचा शत्रू तुर्कस्तान होता आणि तुर्कस्तानचा सुलतान हा मुसलमानांचा खलिफा. नोव्हेंबर १९१४ मध्ये निजामाने जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी निष्ठावंत राहण्यास बजावले. जाहीरनामा काढावा लागतो तेव्हा लोकांच्या मनात दुसरेच काही असण्याची धास्ती राज्यकर्त्याला वाटत असते, एवढे अनुमान करायला हरकत नसावी. पण ते ‘दुसरेच काही’ काय होते, हे आज सांगता येत नाही. सभेला आधी परवानगी लागे. आमच्याकडच्या मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक इतिहासात भेटणारी ‘गश्ती निशान ५३’ ही त्याच बंदोबस्ताची कुप्रसिद्ध खूण. आ. कृ. वाघमारे यांना आपले ‘मराठवाडा’ साप्ताहिक बंदीमुळे वेगवेगळी नावे घेऊन काढावे लागले. जिथे नियतकालिकाला स्वतःचे नाव टिकवता येत नाही, तिथे पॅलेस्टाइनच्या युद्धाविषयी रयतेचे मत कोण नोंदवणार? इतिहासात आमच्या मुलुखाचे मत म्हणून जे शिल्लक आहे ते राजाचे मत आहे.

याच काळात इंग्रजी अमलाखालच्या मराठी मुलुखात निदान भांडता येत होते. एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीला युद्धपरिषद भरली तेव्हा गांधीजी तिला उपस्थित होते आणि त्यांनी सैन्यभरतीला पाठिंबा दिला. टिळकांना मात्र निमंत्रणच नव्हते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या परिषदेत टिळक बोलायला उभे राहिले, युद्धाला मदत आणि स्वराज्य यांचा संबंध जोडू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. पुढे हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदे मिळण्याचे वचन सरकारकडून आणून दाखवा, मी पाच हजार माणसे भरती करून देतो, अशी पैज लावून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवला. गांधीजींनी तो परत केला. देशभक्ती आणि अहिंसा यांविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांना हा प्रसंग चांगलाच धक्का देतो. अहिंसेचा पुरस्कर्ता बिनशर्त भरतीच्या बाजूला होता आणि ज्याला सरकार जहाल म्हणत होते तो अटी घालत होता.

दुसऱ्या महायुद्धात मराठी लोकमताच्या चार वाटा स्पष्ट दिसतात. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले; त्याच्या निषेधार्थ मुंबईच्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि ऑक्टोबर १९४० मध्ये विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह आरंभला. सावरकरांनी हिंदूंच्या सैनिकीकरणाचा पुकारा केला. कम्युनिस्टांनी आधी विरोध केला आणि जर्मनीने रशियावर चाल केल्यावर त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हटले. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका या सगळ्यांहून निराळी होती. महार सैनिकांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती या अन्यायाची भरपाई म्हणून. एखाद्या समाजाला बंदूक हाती घेण्याचा हक्कच नाकारला गेला असेल, तर युद्ध कोणाचे हा प्रश्न त्याच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा होतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवारी टांगलेल्या होत्या त्यांना हे कळणे कठीण होते, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आजही ते समजावून सांगावे लागते.

परकीय युद्धात उतरण्याची आणखी एक मराठी तऱ्हा आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३८ साली जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. सोलापूर आमच्या लातूरपासून फार लांब नाही. राजाने विमाने दिली आणि लोकांनी डॉक्टर दिले, असे म्हणण्याचा मोह होतो.

हे सारे आठवण्याचे निमित्त २००३ सालचे आहे. त्या वर्षी आम्ही दोघेही मराठी एम.ए.चे विद्यार्थी होतो. मार्चमध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर हल्ला केला. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने त्यावर एकमताने ठराव केला. अध्यक्षपदी तेव्हा मनोहर जोशी होते आणि लातूरचे शिवराज पाटील विरोधी बाकांवर होते. ठरावाचा खरा वाद एका शब्दावर अडला होता. विरोधकांना स्पष्ट धिक्कार हवा होता आणि सरकारला अमेरिकेशी जुळत आलेले संबंध बिघडवायचे नव्हते. तोडगा निघाला तो भाषेतून. हिंदी ठरावात ‘निंदा’ हा शब्द आला आणि इंग्रजीत ‘डिप्लोअर’. हिंदीतली निंदा धिक्काराइतकी कडकही असते आणि नापसंतीइतकी सौम्यही. ज्याला जे ऐकायचे ते त्याने ऐकावे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना त्याची गंमत वाटली, कारण मराठीत निंदा म्हणजे माघारी केलेली नालस्ती. संतांनी निंदकाची चेष्टाही केली आहे आणि त्याचे उपकारही मानले आहेत, पण निंदा करणारा कधी समोर उभा राहत नाही, हे सगळ्यांनीच गृहीत धरले आहे. समोर उभे राहून करायचा तो निषेध. आपल्या संसदेने बगदादच्या बाबतीत मराठी अर्थाने निंदाच केली, असे तेव्हा आम्ही विनोदाने म्हणत असू. आज तो विनोद थोडा अन्यायाचा वाटतो. कारण खरी परीक्षा ठरावानंतर आली.

अमेरिकेला शब्द नको होते, सैन्य हवे होते. इराकच्या उत्तर भागासाठी भारताने एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे सतरा हजार जवान द्यावेत, अशी तिची विनंती होती. जूनमध्ये पेंटॅगॉनचे अधिकारी दिल्लीत येऊन गेले. पाठवण्याच्या बाजूने बोलणारे मूर्ख नव्हते, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानांचा अनुभव जगात मोजक्यांकडेच आहे. इराकच्या पुनर्बांधणीत कामे मिळतील. महासत्तेची मैत्री दरवेळी दाराशी चालून येत नाही. शिवाय युद्ध झाले ते झाले, आता तिथे शांतता राखणे हे इराकी जनतेच्याही हिताचे. विरोधकांचा मुद्दा एकच होता, पण तो भक्कम होता: आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली जाणार की ताबेदार सैन्याच्या हुकमाखाली? १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार करता आला असता, असे कारण दिले आणि जॉर्डनच्या साह्याने नजफला रुग्णालय उभारण्याची तयारी दाखवली.

हे इराकही मराठी माणसाला परके नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शरणागती पत्करली, तेव्हा बंदी झालेल्या सुमारे तेरा हजारांत सहाव्या पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत त्या युद्धाला किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत हे सांगणाऱ्या दगडी पाट्या अजून आढळतात. इराकला सैन्य पाठवण्याच्या २००३ च्या चर्चेत कूतचे नाव फारसे कोणी घेतले नाही. पुण्याच्या नावाची डिव्हिजन जिथे उपासमारीने शरण गेली, तिथे पुन्हा डिव्हिजन पाठवायची की नाही असा तो प्रश्न होता, तरीही नाही. आपली सामूहिक स्मृती निवडक असते आणि तिच्यात पानिपत असते, कूत नसते.

त्या दिवसांतली एक वादविवाद स्पर्धा आम्हांला चांगली आठवते. विषय अर्थातच ‘भारताने इराकमध्ये सैन्य पाठवावे’ हा. बाजू चिठ्ठी काढून ठरायची. प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांनी सभागृह दणाणून सोडले. साम्राज्यवाद, तेल, बगदादचे लुटलेले संग्रहालय, सगळे आले आणि टाळ्याही आल्या. अनुकूल बाजूला आलेला एक विद्यार्थी मात्र तयारीचा कागद खाली ठेवून निराळेच बोलला. त्याचा थोरला भाऊ फौजेत होता. परदेशी मोहिमेवर गेले की वेगळा भत्ता मिळतो, त्यात बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटते, आमच्या घरी विचाराल तर पाठवा म्हणतील, असे तो सरळ सांगून बसला. पारितोषिक दुसऱ्याला मिळाले. परीक्षकांना त्याच्या भाषणात मुद्दे कमी वाटले म्हणे.

आमच्या मते त्या सभागृहात सर्वांत मोठा मुद्दा त्याचाच होता. एरवी ज्याला आपण लोकमत म्हणतो ते बहुधा न जाणाऱ्यांचे मत असते. वर्तमानपत्रातला अग्रलेख, प्राध्यापकांच्या खोलीतली चर्चा, चहाच्या हॉटेलातला वाद यांत बोलणाऱ्यांपैकी कोणाचाही मुलगा त्या डिव्हिजनमध्ये नसतो. म्हणून आपला होकारही स्वस्त असतो आणि नकारही. २००३ मध्ये आपण ‘नाही’ म्हणालो, ते योग्यच झाले. पण त्या ‘नाही’मध्ये अमेरिकेवरचा जुना राग किती, निवडणुकीची जवळीक किती आणि जाणाऱ्या जवानांचा विचार किती, याचा हिशेब कोणी केला नाही. ज्या उत्तर इराकसाठी सैन्य मागितले होते, तिथल्या मोसूलजवळ २०१४ साली एकोणचाळीस भारतीय कामगारांचे अपहरण झाले आणि ते मारले गेल्याचे २०१८ मध्ये संसदेत सांगितले गेले. तेही कोणी सैनिक नव्हते. पोटासाठी युद्धाच्या जवळ गेलेली माणसे होती.

तरीही २००३ च्या निर्णयाचे मोल आहे, कारण आधी चर्चा झाली आणि मग निर्णय झाला. दरवेळी असे घडलेले नाही. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईच्या विमानतळावर इंधन भरू दिले जात होते. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि मग ते थांबले. त्याआधी २९ जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत उतरली, तीही संसदेत आधी मतदान न होता. सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांच्या बाजूने कारण होते, तिथल्या तामिळांच्या भावना तशा होत्या. पण परतलेल्या जवानाने काय समजायचे? त्याला पाठवताना देशाचे एकमत आहे असे सांगितले गेले होते, परतल्यावर कळले की मत कधी घेतलेच नव्हते.

आमचे म्हणणे इथे येऊन ठेपते. आपल्या राज्यघटनेत परदेशी भूमीवर सैन्य पाठवण्याआधी संसदेची संमती घेतली पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. युद्ध आणि शांतता हा केंद्राचा विषय आणि त्यावर निर्णय मंत्रिमंडळाचा. संसदेने नंतर प्रश्न विचारावेत, टीका करावी, अर्थसंकल्पात कपात सुचवावी. ही रचना सुधारली पाहिजे. देशाच्या सीमेवर हल्ला झाला तर सरकारने क्षणाचाही विलंब लावू नये. पण दुसऱ्याच्या युद्धात, मित्राच्या हाकेला ओ देऊन सैन्य पाठवायचे असेल, तर आधी लोकसभेत चर्चा आणि नोंदवलेले मतदान झाले पाहिजे. किती जवान, किती काळ, कोणाच्या हुकमाखाली, कोणाच्या खर्चाने, हे ठरावातच लिहिलेले असावे. ठरावाची भाषा निंदेसारखी दुहेरी नसावी.

परराष्ट्र धोरण ही जाणकारांची गोष्ट आहे, तिथे गर्दीचे काय काम, असा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. विशेष म्हणजे जे एरवी ग्रामसभेच्या हक्कांवर व्याख्याने देतात त्यांच्याकडूनही. गुप्तता राखावी लागते, वेळ नसतो, हेही सांगितले जाते. पण मित्राच्या युद्धात वेळ असतोच. २००३ मध्ये विनंतीपासून नकारापर्यंत आठवडेच्या आठवडे गेले. तुर्कस्तान तर अमेरिकेचा लष्करी करारातला जुना मित्र. १ मार्च २००३ रोजी तिथल्या संसदेत अमेरिकी सैन्याला वाट देण्याच्या ठरावाला २६४ मते पडली, विरोधात २५०. पण हजर सदस्यांच्या बहुमताला ती कमी पडली आणि ठराव बारगळला. मैत्री त्यामुळे तुटली नाही.

मतदान म्हणजे शहाणपणाची हमी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनच्या रस्त्यावर लाखो माणसे युद्धाविरुद्ध उतरली होती आणि तरीही १८ मार्चला ब्रिटिश पार्लमेंटने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली. फरक इतकाच पडला, की कोणी हात वर केला होता ते नोंदले गेले. त्याच पार्लमेंटने २०१३ मध्ये सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. इराकच्या मतदानाची आठवण सदस्यांना झाली नसेल असे मानणे कठीण आहे. नोंद राहिली की माणसे दुसऱ्या वेळी जरा थांबून बोलतात.

नोंद नसली की काय होते, ते पाहायला दिल्लीला जावे. तिथल्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या स्वारांचे. १९२२ पासून ते उभे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान आले तेव्हा चौकाच्या नावात ‘हैफा’ घातले गेले, कारण २३ सप्टेंबर १९१८ रोजी याच ब्रिगेडने हैफा शहर तुर्कांकडून जिंकले होते. प्रत्यक्ष चढाई जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी केली. हैदराबादचे तेव्हा दुसऱ्या कामगिरीवर होते. शंभर वर्षांपूर्वी एका मित्रासाठी पाठवलेली माणसे आता दुसऱ्या मित्राच्या स्वागताला उभी केली गेली. त्यांचे स्वतःचे मत तेव्हाही कोणी विचारले नव्हते. आणि ज्या राजाने ती पाठवली, त्याला १९४७ मध्ये इंग्रजांनी निघताना काय दिले? किताब त्याच्याकडेच राहिला, मदतीला मात्र कोणी आले नाही.

आज सैन्य पाठवण्याचे रूपही पालटते आहे. २०२४ च्या सुरुवातीला कलबुर्गी जिल्ह्यातले काही तरुण रशियात अडकल्याच्या बातम्या आल्या. मदतनिसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून दलालांनी त्यांना नेले होते आणि पुढे त्यांना युक्रेनच्या आघाडीवर ढकलण्यात आले. कलबुर्गी आमच्या शेजारचा, एके काळी निजामाच्याच राज्यातला. तिथले दुष्काळ आणि इथले दुष्काळ एकाच ढगाचे. हैदराबादचा एक तरुण त्या आघाडीवर मारला गेला. कलबुर्गीचे तरुण सप्टेंबर २०२४ मध्ये परत आले. भारत त्या युद्धात कोणाच्याही बाजूने उतरलेला नव्हता, संसदेत कोणता ठराव नव्हता, कोणाशी लष्करी मैत्रीचा प्रश्न नव्हता. आमच्याकडच्या प्राध्यापकांच्या खोल्यांत त्या दिवसांत युक्रेनवर भरपूर चर्चा झाली, रशिया आपला जुना मित्र आहे इथपासून तेलाच्या दरापर्यंत. कलबुर्गीच्या मुलांचा विषय निघाला तेव्हा मात्र बोलणे दलालांच्या फसवणुकीवर आणि व्हिसाच्या कागदपत्रांवर गेले. त्यांना महिना किती पगार कबूल केला होता, एवढे एकाने विचारले.